बेशबरमाक

सणाला आमच्याकडे जे रांधतात
त्याचं नावच पाच बोटं.
उकडलेलं मटण चाकूने बारीक केलेलं, रुंद शेवया, वर कांद्याचं पाणी,
आणि चमचा मागायचा नाही.

बेगिमाय जन्मली तेव्हा उजव्या हाताला चार.
अंगठ्याच्या जागी नुसती कातडी, गुळगुळीत,
जणू कुणी तिथे काही ठेवायला आलं
आणि विसरून माघारी गेलं.

सासरे म्हणाले, हाताची बोटं कधी सारखी असतात का?
ते समजूत घालत होते.
मी मोजत होतो.

पाच वर्षं तिने जग कात्रीत उचललं.
तर्जनी आणि मधलं बोट, त्या दोघांच्या फटीत
पेन्सिल, बटण, भाकरीचा तुकडा.
चुको तेवढा जमला नाही.
मेंढीच्या घोट्याचं ते हाड पोरं अंगठ्याच्या टिचकीने उडवतात,
ही कडेला बसून कुणाचे किती झाले ते सांगायची.
हिशोब एकदाही चुकला नाही.

बिश्केकला डॉक्टर उमसुनाय यांनी
केसपेपरच्या पाठीवर पेनाने हात काढला.
नवा अंगठा आणायचा कुठून? आहे त्यातूनच.
तर्जनीचं हाड आखूड करायचं,
बोट फिरवायचं, सरकवायचं,
शिरा, नसा, स्नायू सगळं त्याच्यासोबत.
मी ट्रक दुरुस्त करणारा माणूस.
विचारलं, वायरिंग तोडायची नाही?
त्या हसल्या. वायरिंगसकट.

उन्हाळा लागला की नारीनच्या वर, कुरणात,
आम्ही तंबू मोडून नेतो.
काठ्या त्याच, नमदा तोच, चुलीचा धूरही ओळखीचा.
खाली पिवळ्या गवताचं एक वर्तुळ उरतं तेवढंच.
घर गेलं असं कुणी म्हणत नाही.
असं मनाला सांगत मी सही केली,
आणि पेन मी अंगठ्याने किती घट्ट धरलंय
ते मला जन्मात पहिल्यांदा दिसलं.

चार तास दहा मिनिटं.
सालिमा रुमालाच्या झालरीला गाठी मारत राहिली,
मग सोडवत राहिली.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. आत
बारीक, लांबट, जरासा भांबावलेला अंगठा.
नख तर्जनीचंच.
टाक्यांची रेघ थंडीत अजून जांभळी पडते.
डोळे मिटायला लावून मी तो हळूच दाबला. कुठलं बोट?
"पहिलं," ती म्हणाली. "दाखवायचं."
पत्ता बदललाय हे मेंदूला उशिरा कळतं, डॉक्टर म्हणाल्या.
आमच्या पोस्टमनसारखंच.

बोटं अजून चारच आहेत.
काही दाखवायचं झालं की आता ती मधलं बोट पुढे करते
आणि मोठी मुलं का खिदळतात ते तिला माहीत नाही.
सणाच्या ताटात शेवया निसटतात,
कोपरापर्यंत ओघळ येतो,
सालिमा पुसायला जाते, ती हात मागे घेते.

परवा मी ट्रकखाली पाठीवर पडलेलो,
गिअरबॉक्सचं तेल तोंडावर ठिबकतंय,
तेवढ्यात एक हाड गडगडत माझ्या कानापाशी आलं.
वाकडी टिचकी. नेम साफ चुकलेला.
मी उचलायला हात पुढे केला.
चाकांमधून तिचे बूट दिसले, मग गुडघे, मग तोंड उलटं.
"बाबा, हात लावू नका.
माझा डाव चालू आहे."