सदतीस अंश

बाबांनी जन्मभर ज्यांना गंधकाचा धूर दिला
त्या मेणअळ्या मी त्यांच्याकडेच मागितल्या,
तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली, पावाचा तुकडाही,
आणि खिडकीतून पेट्यांच्या रंगीत फळ्यांकडे बघत म्हणाले,
"विद्यापीठात आता चोर पाळतात का, नेझा?"

महिन्याभरानं स्वतःच आले ल्युब्ल्यानाच्या बसनं.
मांडीवर पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आत जुनं काळं पोळं, आणि पोळ्यात दोनशेएक
गुबगुबीत, सायीच्या रंगाच्या.
शेजारच्या बाईनं विचारलं होतं, मध का?
"हो," म्हणाले होते. "जरा चालणारा."

डाव्या बाजूच्या शेवटच्या पायात टोचायचं.
थेंब इतका लहान की पडला हे यंत्रानंच सांगावं.
चिमटीत धरलेली अळी अंग आखडून घेते,
दोऱ्यात ओवून न घेणाऱ्या मण्यासारखी.
थेंबात वॉर्ड चारमधल्या कुणाचा तरी ताप:
नाव खोडलेलं, वय एकाहत्तर,
औषधांची लांब यादी आणि प्रत्येकापुढे
तेच दोन शब्द, दाद नाही.

मग दहा-दहा जणी काचेच्या बशीत,
बशी उबेच्या कपाटात, सदतीस अंशांवर,
म्हणजे जंतूंना वाटावं
आपण अजून त्याच माणसात आहोत.

उंदराला अर्ज लागतो, समिती, तीन सह्या.
हिला माझी पेन्सिल पुरते.

रात्रीतून त्या काळ्या पडू लागतात.
आधी पाठीवर रेघ, मग ठिपके,
मग तव्यावर विसरलेल्या शेंगेसारख्या.
हे मरण नव्हे, श्पेला सांगते, निदान अजून नव्हे:
आत आलेल्या परक्याला
ती आपल्याच रक्ताच्या काळ्या भिंतीत चिणते आहे.
सकाळी चिमट्याचं टोक लावायचं. हलली तर जिवंत.

बाबा काचेवर वाकले. "ही पांढरी कशी?"
हिला नुसतं खारं पाणी.
"आणि ह्या?"
ह्यांना तेच जंतू, वर नवं औषध.
त्यांनी माझ्याआधी मोजलं, ओठ न हलवता,
जसं पेटीच्या दारातलं येणंजाणं मोजतात. "दहात सात."
मग, "जगल्या त्यांचं काय करता?"

फ्रीजर, मी म्हटलं.

ते गप्प झाले,
शरदात दुबळ्या मोहोळासमोर होतात तसे.
"गंधकापेक्षा बरं," म्हणाले शेवटी,
पण टोपी बराच वेळ हातातच राहिली.

वॉर्ड चारमधून आम्हाला काही कळत नाही.
कळायचं नसतं.

पाचव्या दिवशी, झाकण आणि काठ यांच्यामध्ये
एकीनं कोश विणला होता.
तक्त्यात दोनच रकाने, जिवंत आणि मृत,
आणि आत चिमटा पोचेना.
मी फोन केला. पलीकडे धुराड्याचा भाता फुसफुसत होता.
"लिही की, घर बांधलं," बाबा म्हणाले.
जरा थांबून,
"माझ्या पेट्यांजवळ मात्र आणू नकोस."