कोपराचं माप

राइस मिलच्या बॉयलरवर मी एकोणीस वर्षं.
भट्टीत भुसा ढकलायचा, काट्याकडे बघायचं
आणि काट्यावर विश्वास न ठेवता
हौदाला कोपर लावून सांगायचं,
सोडा आता धान.
तळवे केव्हाच करपले, ते काही सांगत नाहीत.
कोपर अजून कच्चं आहे.

साकोलीहून मॅडम आल्या तेव्हा
शेठ म्हणाले, मंगळवारी मिल बंद,
दोन नंबरचा हौद घ्या, पण भुशाचा हिशेब ठेवा.
मॅडमनी थर्मामीटर काढला, लाल टोपणाचा.
चौतीस पाहिजे. तीस झालं तर अंग आखडतं,
अडतीसला लेकरं गळून जातात.
मी म्हटलं, धानाले तं सत्तर लागते जी.
त्या म्हणाल्या, हे काय धान आहे का काका?

पहिल्या मंगळवारी तिघं आली.
हेमराज, बापाच्या पाठीवर, न बोलता.
जुबेर, सायकलच्या कॅरिअरला ओढणीने बांधलेला.
आणि आमच्या मिलमध्ये धान वाळवणाऱ्या सयत्राची डिम्पल,
आठ वर्षांची,
जिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात
आणि डावी मूठ जन्मापासून मिटलेली,
अंगठा आत कोंबून.
नखं कापाले दोन मानसं लागतात, सयत्रा म्हणाली,
विहिरीला पाणी किती ते सांगावं, तसं.

मॅडम ओढणी कमरेला खोचून हौदात उतरल्या.
पाणी छातीपर्यंत.
कितीही घासला तरी हौदाला उकडल्या धानाचा वास.
लुनाच्या ट्यूबवर डिम्पलचं डोकं टेकवलं
आणि तिने किंकाळी फोडली.
पत्र्याच्या शेडमध्ये ती दोनदा ऐकू आली.
सयत्रा काठावर उकिडवी, पदर तोंडात.
मी व्हॉल्व्हचं चाक धरून,
कशाला आवळत होतो कोण जाणे.

मग मॅडम काहीच करेनात.
तिला नुसतं झुलवत राहिल्या,
सुपात तांदूळ घोळावा तसं,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
किती वेळ?
भट्टीत दोन टोपली भुसा गेला, तेवढा.

मग पाय सुटले.
गाठ सोडायला कोणीतरी लागतं,
इथे दोरीलाच कंटाळा आला जसा.
सयत्रा म्हणाली,
"पाह्य वो मा, पाय किती लंबे हायेत इचे."
आठ वर्षं रोज तेल लावलेल्या पायांची लांबी
तिला त्या दिवशी दिसली.

मूठ तीन मंगळवार तशीच.
चौथ्याला एक बोट. मग दुसरं.
तळहात कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा,
ओला, पांढरा, कधीच ऊन न पाहिलेला.
बाहेर काढलं की परत मिटली.
मिटणारच काका, मॅडम म्हणाल्या,
पुढचंही मला सांगता येत नाही.
हेमराज अजून नुसता पाण्याकडे बघतो.
जुबेर हसतो, पाणी गिळतो, ठसकतो, परत हसतो.

सहाव्या मंगळवारी थर्मामीटर बंद पडला.
सेल साकोलीलाच मिळतो.
मॅडम हौदाच्या पायरीवर बसून राहिल्या,
तिन्ही लेकरं टॉवेलात गुंडाळलेली.
मी बाही वर सारली. कोपर बुडवलं.
भट्टीत अर्धी टोपली टाकली, थांबलो,
परत बुडवलं.
झालं जी चौतीस, म्हटलं.
मॅडमनी सयत्राकडे पाहिलं.
सयत्राने डिम्पलला उचललं
आणि माझ्या हातात दिलं.

एवढ्या वर्षांत क्विंटलने पोती उचलली मी.
हे वजन वेगळं होतं, सगळीकडून घट्ट,
आणि पाण्यात नेता नेता
माझ्या हातातच कमी होत गेलेलं.

निघताना ती सायकलवरून "उं?" करते.
सयत्रा सांगते, "इचारते, उद्या का?"
उद्या धान आहे माय. परवाही धान.
मी बोटं उघडून दाखवतो तिला,
बुधवार, गुरुवार, शुक्रवार.
सहा दिवस होतात.
दुसरा हात घ्यावा लागतो.