कतरणीने बांधलेलं

कुरखेड्याच्या लायनीखालची आंब्याची फांदी छाटून
हे घरी आले, तर फांदीला कुणीतरी चिकटलेलं:
दुमडलेल्या पट्ट्यांसारखी पानं,
आणि पांढरी जाड मुळं हवेत लोंबत,
जसं कुणी झाडावरून उतरता उतरता थांबावं.
"चुलीत घालू नोका," मी म्हटलं. एवढंच.

आधी चुकलेच. डालड्याच्या डब्यात
बोडीतला गाळ, शेणखत, रोज तांब्याभर पाणी.
पंधरा दिवसांत मुळं विझल्या वातीसारखी काळी.

मैनाबाई हलामी हिरव्या पोलक्याचं माप द्यायला आली,
डब्यात वाकली, हसली:
"पुरून काहून ठेवलीस वो?
जित्याले मातीत घालतेत का कोनी?"

मग उपसलं. कापडाच्याच कात्रीने काळं तेवढं कापलं,
दोन मुळं उरली.
मागच्या मोहाला, छातीएवढ्या उंचीवर,
पूर्वेच्या अंगाला बांधलं,
कारण आमच्याकडे दुपार नागपूरकडून चालून येते.
बांधायला कतरणी: शाळेच्या गणवेशाची खाकी,
कुणाच्या हळदीची पिवळी, मैनाबाईची हिरवी.
सगळी सुती. टेरिकॉट कुजत नाही,
आणि कतरण कुजायलाच हवी,
तोवर त्याने झाड धरलेलं असतं.
सैल बांधलं तर हलतं, हललं तर मूळ टेकत नाही.
आवळलं तर चिरतं.
अस्तर लावताना बोटांना जे कळतं, तेवढंच.

फॉरेस्टचा पोरगा म्हणाला, ऑर्किड.
शेजारीण म्हणाली, बांडगूळ, मोह खाऊन टाकंल.
मी रोज पाहत होते. ते मोहाचं काही खात नव्हतं.
उभं राहायला जागा मागत होतं, बस.

सकाळी पाणी शिंपलं की पांढरं मूळ हिरवं होई,
टिपकागदावर शाई चढावी तसं,
आणि वाळलं की परत पांढरं.
बाजाराच्या दिवशी टेप लावायचे.
मापाच्या वहीत अजून आहे:
छाती छत्तीस, कंबर तीस, मूळ पाऊण इंच.

दोन वर्षं काही नाही.
तिसऱ्या वैशाखात दांडा आला, फुलं उघडली,
पिवळ्यावर तपकिरी चौकडा, जिभेवर जांभळं.
असा चौकडा जुळवायला मला दोन दिवस लागतात,
आणि इथे खांद्याशी, बाहीशी
कुठेच रेघ तुटलेली नव्हती.
मी उलटसुलट करून पाहिलं. शिवण सापडली नाही.

त्याच महिन्यात नवी लाइन आमच्या मागून गेली.
यादीत मोहाची ती फांदी होती.
ह्यांनी फीडर बंद केला,
माझा टेप दातात धरून वर चढले.
गावातले पंखे थांबले, लोक ओरडायला लागले.
"तारेपासून चार फूट पाह्यजे," हे वरून म्हणाले,
"तीन फूट नऊ इंच हाय."
मी शिडी धरून होते. काही बोलले नाही.
मला काय, तीन इंच म्हणजे दोन्ही बगलांची दाब.
खिशातून माझाच खडू काढला त्यांनी,
शेंड्याला खूण केली,
आणि खुणेच्या बाहेरून कापलं, अर्धा बोट सोडून,
जसं मी कापते.
बुंध्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खाकी गळाली. पिवळीही गळाली.
परवा मैनाबाई आली, म्हणाली,
"माह्या पोलक्याचं उरलेलं कापड कोठी हाय?
ठिगळ लावाचं हाय."
मी तिला मागे नेलं.
हिरव्या चिंधीवरून मूळ गेलं होतं, करंगळीएवढं,
आणि पुढे सालीत शिरलं होतं.
तिने एकदा ओढून पाहिलं.