दाब, धर, सोड

हार्लेखच्या चढावर घर. मॉरिस मायनर जॅकवर,
ग्विलिम खाली, मी पेडलवर.
मंगळवारपासून आम्ही बोलत नाही.

"दाब."
दाबते.
"धर."
पाना फिरतो. पाय बुडत जातो तळापर्यंत.
"सोड."

मुरंब्याच्या बरणीत नळीतून उतरतं
उकळून उकळून काळवंडलेल्या चहासारखं काहीतरी,
आणि बुडबुडे.
ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणाला होता एकदा,
झाकण घट्ट असलं तरी.

सगळ्यात लांबचं चाक आधी.
तिसऱ्यापाशी खालून आवाज:
"पाय दुखतोय?"
हे ठरलेल्या शब्दांत नव्हतं.
"नाही."
दुखतोय.

चौथं. बुडबुडे थांबले.
पेडल मध्येच अडतं, टणक.
बरणी उचलताना एक थेंब मडगार्डवर.
रंग खातो तो.
मी पाण्याचा मग घेऊन उठते.