मांजराला तिकीट नसतं

दिवाडीहून रायबंदर म्हणजे पाण्यावरची जेमतेम दहा मिनिटं,
तेवढ्यात चवथीने सगळी फेरी डोक्यावर घेतली.
साखरेचं पोतं, तोंडाला सुंभ,
मी सुरीने पाडलेली सात-आठ भोकं,
आणि त्यांतल्या एकातून तिचा एकच डोळा
घडीत पाण्याकडे, घडीत माझ्याकडे.

पिंजरा आणला होता प्रेमानंदने म्हापशाहून, साडेसातशेचा.
तिने तो उघडला आणि नळ्यांवर जाऊन बसली.
शेवटी पोतंच.

शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "सोडायला चाललात?"
मी म्हटलं, "नाही, सोबत न्यायला."
तो नुसता हसला.
पोत्यातलं मांजर सोबत न्यायचं असतं
असं कोणी कधी ऐकलंय?

मीही नव्हतं ऐकलं.
मी आठ वर्षांची असताना बाबांनी
ह्याच धक्क्यावरून नेला होता एक बोका,
वाट कळू नये म्हणून पोतं तीनदा गरगर फिरवून.
पलीकडे मासळीवाल्यांपाशी सोडला
आणि हात धुऊन परतीच्या फेरीने आले.
अकराव्या दिवशी बोका चुलीपाशी.
आई म्हणाली, फेरीनेच आला असणार,
पायी माणसाला तिकीट नाही,
मांजराला कोण विचारतो.
बाबांनी आपल्या ताटातलं बांगड्याचं डोकं
त्याच्यापुढे सरकवलं
आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

तेच घर आवेलिनबाईंच्या मुलांनी आता विकलं.
घेणाऱ्याने भिंती मोजल्या, विहिरीत डोकावला,
"कुत्रा घराबरोबर येतो का?" म्हणून गंमत केली.
भाटकार भुंकला नाही. भाटकार म्हणजे आमचा कुत्रा,
भाडेकरूंच्या घरातला एकुलता एक भाटकार.
वय चौदा, मागचे पाय गेलेले.

नव्या इमारतीत लिफ्टला पाटी: प्राण्यांना सक्त मनाई.
मग पोटाखालून टॉवेल घालून प्रेमानंदने
त्याला तीन मजले चढवला,
मध्ये दोनदा थांबून, दोघेही धापा टाकत,
कोण कोणाला धीर देतंय ते कळेना.
वर आल्यावर भाटकाराने कोपरे हुंगले.
एकाही कोपऱ्याला कसला वास नव्हता.
गुळगुळीत फरशीवर पाय फाकले तसा तो तिथेच बसला,
आणि माती दिसेना म्हणून दिवसभर आवरून धरून
रात्री तुळशीच्या कुंडीशी उभा राहिला.
मी दिवा मालवला.

चवथी वॉशिंग मशीनच्या मागे.
एक दिवस, दोन दिवस. बशीतलं दूध आटून पिवळं.
कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं आई म्हणायची.
ह्यातली मी कोण, हे नाही विचारलं स्वतःला,
भांडी लावायची होती.

चौथ्या पहाटे खालून भोंपू वाजला, पोदेराचा.
पोदेर वेगळा, सायकल वेगळी,
भोंपू मात्र तोच. भाटकाराचे कान उभे झाले,
मग तो स्वतः, हळूहळू, भिंतीला खांदा लावून,
एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी न उचलता.
मी चप्पल न घालताच जिने उतरले.
गरम पोळी, त्याला निम्मी.
तो दारापाशी बसून खात होता
तेव्हा मशीनच्या मागून आधी मिशा आल्या,
मग धूळ, मग चवथी.
तिने पोळीकडे पाहिलंही नाही. जनेलावर चढली.
समोर नदी, पलीकडे बेटाची काळी रेघ,
आणि दिवे लावून निघालेली पहिली फेरी.

आता ती निजते त्याच पोत्यावर.
धुवायचं राहून गेलंय, राहू दे.

काल रात्री प्रेमानंद झोपेतच म्हणाला,
"आली का ती आत?"
तिथे रोज विचारायचा तसंच.
मी म्हटलं, "आली."
दाराला कडी होती, जनेलाला जाळी,
बाहेर जायला कुठून जागाच नव्हती तिला.
तरी उठले,
आणि पोत्यावर हात ठेवून पाहिलं.