नव्वदावा दिवस

फोन दुपारी दोनला करायचा, तोवर जेवणं उरकलेली असतात.
आकिता, चौथा मजला, संशोधन विभाग,
खिडकीखाली बर्फ ढकलणारं पिवळं यंत्र
मागे-पुढे, मागे-पुढे.
मी माकाबे. मी यांच्यातल्या कुणालाच पाहिलेलं नाही.
तोच माझ्या कामाचा नियम:
कवटी उघडली की नुसती औषधं दिली,
लिफाफ्यातून त्या रात्री काय निघालं,
हे मला कळता कामा नये.

म्हणून आधीच विनवते,
"शस्त्रक्रियेबद्दल काही बोलू नका हं,
फक्त आज कसं आहे ते सांगा."
आणि माणसांना नेमकं तेच सांगायचं असतं,
तीन महिने पोटात धरून ठेवलेलं:
किती वाजता, कुठल्या डॉक्टरने,
कागद कुणी पुढे सरकवला, सही कुणाची.
मी मध्येच तोडते.
तोडताना दर वेळी
माझीच जीभ थोडी जड होते.

शून्य म्हणजे जणू काही झालंच नव्हतं.
सहा म्हणजे मृत्यू.
सहा भरायला सगळ्यात कमी वेळ लागतो,
पलीकडचं माणूसच म्हणतं, "तुम्हाला उगाच त्रास,"
आणि फोन ठेवतं.
तीनपर्यंत बरं, चारपासून वाईट.
रेघ नेमकी कुठे मारायची
यावर तोक्योत अख्खी दुपार वाद झाला म्हणे,
चहा निवून गेला.

आज तोगाशी यासुके, वय सदुसष्ट, योकोते.
फोन बायकोने घेतला, मित्सुएबाईंनी.
मागे कढईत काहीतरी तडतडत होतं.
आधाराशिवाय चालतात का?
"चालतात की. माझा खांदा धरून."
म्हणजे आधार लागतो.
"खांद्याला आधार म्हणतात होय?
बेचाळीस वर्षं मी त्यांचा धरला,
तेव्हा कुणी विचारायला आलं नाही."
फॉर्मवर या वाक्याला रकाना नाही.
मी चाराकडे बोट नेलं, टेकवलं नाही.

बोलतात का?
"दोनच शब्द. एक 'मुळा', एक 'नको'.
पण सूर बदलून बदलून वापरतात."
हसल्या. मग सांगतच सुटल्या,
की धुरावर टांगायचे मुळे यंदाही त्यांनीच निवडले,
डाव्या हाताने, एकेक दाबून,
पोकळ लागला की, "नको".
खायला मात्र बंदी, मिठामुळे.
लोणच्याच्या पिंपाशेजारी बसून
दुसऱ्यांचं चघळणं ऐकतात.

मी लिहीत होते, पेन मजेत चाललं होतं,
आणि तेवढ्यात, अगदी सहज,
"टोपीचं तेवढं अवघड झालंय हो,
डावीकडे खळगा आहे ना, बसतच नाही.
आतून लोकर भरून शिवली मी.
ते हाड म्हणे तुमच्याकडेच आहे, फ्रीझरमध्ये.
नीट आहे ना?"

आंधळ्या कोशिंबिरीत पट्टी सुटली
की ओरडून खेळ थांबवायचा असतो.
इथे त्यासाठी शेवटच्या पानावर चौकोन आहे.
अंधत्व भंगलं का? हो.
कारण? टोपी.
आता माझा आकडा धरणार नाहीत,
उद्या दुसरी कुणी हेच सगळं विचारेल
आणि मित्सुएबाई बिचाऱ्या
टोपीचं नाव काढायचं नाही म्हणून
प्रत्येक वाक्याआधी थबकतील.

तळघरातल्या त्या फ्रीझरवरून मी रोज जाते.
उणे ऐंशी, गुणगुणतं एकसारखं,
दारावर नुसते क्रमांक.
"नीट आहे," मी म्हणाले,
माहीत नसताना.

फोन ठेवणार इतक्यात मागून आवाज आला,
जाड, सावकाश, घशात खरवडून आलेला:
"नको."
कशाला, कुणाला, कुठल्या सुरात?
कढईचा आवाज मध्ये आला.
एवढं एक मात्र
मला कळायला हवं होतं.