मीठ लावणं

सोसायटीची खोली बर्फाच्या कारखान्यामागे.
भिंतीपलीकडे अमोनियाचं यंत्र घुमतं,
अलीकडे दोन संगणक,
एकाला दम लागतो, दुसऱ्याला खारं वारं बाधलंय.
त्यांच्यावर द्राक्षांच्या चित्राचं मेणकापड.
निवतीत द्राक्षं तेवढ्या कापडावरच पिकतात.

मी कुडाळहून येते, मंगळवारी आणि शुक्रवारी.
पहिल्या दिवशी अकरा जण होते,
तिसऱ्या आठवड्यात उरल्या यमुना कुबल.
फॉर्मवर वय विचारलं तर म्हणाल्या,
लिही काय ता.

म्हटलं, हा माउस.
यावर सगळे तोच विनोद करतात, मी थांबले.
त्यांनी नाही केला.
सुरमई ताजी आहे का बघावं
तसा पाठीवरून हात फिरवला
आणि पडद्यावरचा बाण
बिचकून कोपऱ्यात जाऊन बसला.

हा कर्सर. लुकलुकतो.
तुमचं पुढचं अक्षर इथं पडणार.
"बत्तीसारको," त्या म्हणाल्या, खिडकीकडे न बघता.
समुद्रातल्या खडकांवरची बत्ती वाट दाखवत नाही,
मी हयसर आसय, एवढंच सांगते.
बाकीचं तांडेलानं बघायचं.
मी ते वहीत उतरवून घेतलं.
माझ्या पुस्तकात इतकं नीट नव्हतं.

प्रत्येक होडीची एक फाइल,
अठरा फाइली एका फोल्डरात,
डिझेलच्या परताव्यासाठी.
एका बोटानं, दीड तास,
"ळ" शोधण्यातच पाव तास गेला,
आणि वीज गेली.
यूपीएसची बॅटरी गेल्या वर्षीच संपली. अर्ज केलाय.

अंधारात मी समजावू लागले:
मेमरी दोन तऱ्हांची.
रॅम ही लिलावाची फळी,
काम चालू तोवर सगळं तिच्यावर मांडलेलं,
लिलाव संपला की बादलीभर पाणी, फळी साफ.
डिस्क म्हणजे आतली पेटी. सेव्ह केलेलं तिच्यात…
"मीठ लावूक विसरलंय, म्हण की."

त्या दिवसापासून दर पाच मिनिटांनी
खोलीत कुणी नसलं तरी मोठ्यानं
"मीठ!"
आणि दोन बोटं कंट्रोल-एसवर.

पुढच्या मंगळवारी फोल्डर मालवणच्या ऑफिसात पाठवलं.
"गेला?"
गेलं.
"मगे ह्या हयसर कसा?"
हेही आहे. तेही आहे. ती कॉपी.
यमुनाबाई गप्प झाल्या.
चाळीस वर्षं टोपली डोक्यावर,
एक बांगडा दिला की टोपलीत एक बांगडा कमी,
हा हिशोब त्यांच्या मानेला पाठ.
"दिला तरी उरता?
असलो बाजार मी बघूक नाय."
खूश नव्हत्या.
काट्यात कुणी खडा लपवल्यासारखं
पडद्याच्या मागे वाकून पाहिलं.

सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, 'सातेरी कृपा' काढा.
ती होडी फोडली ना मे महिन्यात.
लाकूड गेलं भट्टीला, इंजिन आचऱ्याला.
डिलीट त्यांनी स्वतः दाबलं.
"खंय गेली?"
कचरापेटीत. उघडून दाखवली.
होती तिथं: नंबर, चोवीस अश्वशक्ती,
मालकाच्या रकान्यात आत्माराम कुबल.

सांगितलं, रिस्टोअर केलं तर परत जागेवर येते.
पेटी रिकामी केली तर गेलीच.
बाण दोन्हींच्या मधे बराच वेळ थरथरत राहिला.
यंत्र घुमत होतं.
कीबोर्डावर एक खवला चिकटलेला,
तो त्यांनी नखानं काढला.
"रवांदे थंयसरच."
आणि कोपऱ्यातल्या एवढ्याशा फुलीवर
पहिल्याच फटक्यात नेम बसला.

साडेचारची गाडी चुकात तुझी, म्हणाल्या.

शुक्रवारी पासवर्ड घ्यायचाय.
आज नुसता विषय काढला तर
त्यांनी आपला ठरवून मोठ्यानं सांगूनही टाकला.
कारखान्यातल्या, बर्फ फोडणाऱ्या दोन पोरांना
आता तो तोंडपाठ आहे.